पुसलेली तीट

हे नरसिंहा, पोखर्णीच्या गाभाऱ्यातल्या दयाघना! एका लेकराचा शब्द खाली पडू नये म्हणून तू खांब फोडून आलास. तुझा क्रोध पाहून देव मागे सरले, ऋषी मागे सरले, प्रत्यक्ष लक्ष्मीचे पाऊल जागच्या जागी थिजले. आणि तेव्हा एक लहानसे पोर तुझ्या दिशेने चालत आले, तुझ्या पायाशी उभे राहिले, आणि तू निवलास. जिथे थोरांची स्तुती पोहोचली नाही तिथे लेकराचे पाऊल पोहोचले. त्या पावलाच्या मागे जाणे हाच ज्याचा धंदा आणि हीच ज्याची भक्ती, अशा एका साध्या माणसाची ही कथा आहे. चुकलेल्या माणसाची आहे. म्हणूनच ती तुझ्या पायाशी आहे.

ताडकळसला बसथांब्यासमोरच्या ओळीत, मुंजाजीच्या चहाच्या टपरीला लागून, दहा फुटांचे एक दुकान आहे. तिथला फोटोवाला योगीराज. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, अंग काटकुळे, आणि पाय असे, की खालची जमीन तापलेली असावी. हा मनुष्य एका जागी बसलेला गावाने क्वचित पाहिला. बोलताना चाले, चालताना मागे वळे, जेवताना दोनदा उठे. लग्नातली मोठी माणसे त्याच्यावर चिडत. पाहुणे ओळीने उभे राहून ताटकळत, आणि हा मांडवामागे, भांड्यांच्या ढिगाआड, एखाद्या रांगत्या पोराच्या पाठी स्वतः रांगत असे.

ही खोड त्याला लागली तीही अचानकच. दुकान नवे होते. झगमगत्या दिव्यांखाली स्टुलावर बसवलेले एक पोर रडून निळे पडले होते. बाप खुळखुळा वाजवत होता, आई टाळ्या पिटत होती, योगीराज "हस, हस" म्हणून घसा फोडत होता. तेवढ्यात वीज गेली. अंधारात सगळे गप्प झाले, आणि ते पोर स्टुलावरून सरकून पडद्याखालून दाराकडे निघाले. उंबऱ्यात उजेडाची एक चौकोनी घडी पडली होती. तिच्यावर हात ठेवून ते तिला उचलू पाहत होते. योगीराज पोटावर सरपटत त्याच्यामागे गेला आणि तिथेच फोटो निघाला. बाप म्हणाला, "अहो, हे तर हिकडं बघंनाच!" आई मात्र फोटोकडे बघत राहिली. "घरी आसंच करतंय," एवढेच ती म्हणाली.

त्या दिवसापासून खुळखुळा बंद, टाळ्या बंद. लेकराच्या घरी जावे, चपला बाहेर काढाव्यात, जमिनीवर बसावे, कॅमेरा मांडीवर उघडा ठेवावा आणि बोलवू नये. लेकराने बोलवावे. लेकरू कोंबडीमागे गेले तर कोंबडीमागे, ओट्याखाली शिरले तर ओट्याखाली. आईबापांनी "इकडं बघ रे" म्हटले की योगीराज पंजा वर करी. बाप फारच उतावीळ असला तर त्याला मुंजाजीकडे चहाला धाडी. मोठ्यांत अस्वस्थ ठरलेला हा जीव लेकरांत मात्र जमून जाई, कारण लेकरेही एका जागी ठरत नाहीत. त्याच्या पँटी आधी गुडघ्यावर फाटत. बायको द्वारका ठिगळे लावताना म्हणे, "लोकाची लेकरं चालायला शिकली, आमचे मालक रांगायला शिकले."

असे सगळे नीट चालले होते. पण अडीच वर्षांपूर्वी या माणसाच्या हातून एक गोष्ट घडली, आणि त्यानंतर त्याच्या पायांत जो चळ शिरला तो केवळ स्वभावाचा राहिला नाही.

गावाबाहेरच्या वस्तीवर पार्वतीबाई राहते. दीड एकर रान, एक शेळी, मुलगा भारत, सून प्रियांका. दिवाळी सरली की मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांना एकच लेक, भक्ती. ती वर्षाची झाली तेव्हा पोखर्णीला तिचे जावळ काढायचे ठरले. मामाच्या मांडीवर लेकरू, समोर न्हावी, बाजूला पार्वतीबाई. वस्तरा लागण्याआधी पार्वतीबाईने काजळाच्या डबीत बोट बुडवले आणि नातीच्या उजव्या गालावर ठसठशीत तीट लावली. भक्तीने मान वळवून देवळाच्या घंटेकडे पाहिले, तोंड उघडे राहिले, जावळ कपाळावर आले; आणि योगीराजाने तो क्षण टिपला. फोटो नामी होता.

पण त्याच दिवसांत तो संगणकावर चेहरे स्वच्छ करण्याची नवी विद्या शिकला होता. मोबाईलवरचा एक गुरू सांगे: डाग दिसला की पुसा. योगीराजाच्या पाहण्यात डाग आला. काळा, बोटाएवढा, गोऱ्या गालावर. एका टिचकीत त्याने तो पुसला. तीट म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हते असे नाही. त्याच्या स्वतःच्या गालावर आईने पाच वर्षे ती लावली होती. तरीही हाताला नवी विद्या चढली, की डोळा जुने ओळखत नाही.

चौकट घेऊन तो वस्तीवर गेला. पार्वतीबाईने फोटो जवळ धरला, लांब धरला, उजेडात नेला.

"फोटोवाल्या, तीट कुठं हाय रे? म्या लावल्याली."

तेव्हा खरे बोलायला एक श्वास पुरला असता. पण योगीराज चपापला आणि बोलून गेला, "कॅमेऱ्यात कव्हा कव्हा येत न्हाई, माय."

महिन्याने भक्ती तापाने फणफणली. आठ दिवस परभणीला दवाखान्यात होती. नरसिंहाच्या कृपेने बरी होऊन घरी आली. पण तोवर वस्तीवर बोलणे पसरले होते, की फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याने पोरीची तीट गिळली. चौकट आधी भिंतीकडे तोंड करून टांगली गेली, मग लोखंडी पेटीत गेली. पार्वतीबाईचा हुकूम सुटला: या लेकराचा पुन्हा फोटो नाही. कॅमेऱ्याने नाही, मोबाईलने नाही, बापाने नाही, मायने नाही. ताप डासाने आला की पाण्याने, हे डॉक्टरांनी सांगितले असेलही. तिटेवाचूनचे लेकरू भिंतीवर उघडे टांगले गेले होते, हे मात्र तिने डोळ्यांनी पाहिले होते. आणि योगीराज गप्प राहिला. लोक हसतील, दुकानाकडे फिरकणार नाहीत, ही भीती. त्या दिवसापासून वस्तीकडचा रस्ता आला की तो पाऊल वेगाने टाकी आणि मान फिरवी.

यंदा भाऊबीज झाली आणि प्रियांका दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे.

"दादा, शुक्रवारी सकाळी गाडी हाय आमची. यंदा भक्तीला आत्याबाईजवळ ठिवून जायलाव. उसाच्या फडावर लेकराची आबाळ होती, आन् हितं अंगणवाडी हाय."

"बरं हाय की मग," योगीराज टेबलावरची कात्री उगाच उघडीत मिटीत म्हणाला.

"माझ्याजवळ तिचा एक फोटो न्हाई. एक बी न्हाई. सहा महिने कशी राहू?"

शेजारून मुंजाजीने कपबशा विसळता विसळता मान घातली. "आगं बाई, हातात मोबाईल हाय की! आडोशाला जायचं, टचकन काढायचा. सासूला काय मालूम?"

"काढता येतंय, मामा," प्रियांका त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "पर चोरून काढल्याला फोटो घेऊन तिकडं जीव लागंल का माझा? हिकडं लेकराला जरा शिंक आली तर मलाच वाटंल, म्या आत्याबाईचा शब्द मोडला म्हून झालं." मग योगीराजाकडे वळून, "तुमी सांगा ना त्यास्नी. तुमचं बोलणं पोरं ऐकतेत, म्हातारी बी ऐकंल. त्यांनी व्हय म्हणलं तरच."

तो मंगळवार होता. मधे दोन दिवस उरले होते.

बुधवारी सकाळी योगीराज वस्तीवर गेला. पार्वतीबाई अंगणात बसून बोंडांतला कापूस काढीत होती.

"का रे फोटोवाल्या, वाट चुकलास का?"

"न्हाई, हिकडूनच चाललो होतो."

"हिकडून पुढं तर ओढा हाय. ओढ्यात फोटो काढायलास का मासोळ्यांचे?"

तो हसला, पाणी प्याला, उठला, बसला, पुन्हा उठला. "कापूस बरा हाय यंदा," म्हणाला आणि निघून आला. अर्ध्या वाटेवर थांबला, परत फिरला, पुन्हा थांबला. रानात वेचणीच्या बायकांनी त्याला तीनदा येता-जाताना पाहिले आणि पदरात तोंड लपवले.

दुपारी ताटावरून तो दुसऱ्यांदा उठला तेव्हा द्वारकेने भाकरीचा हात थांबवला.

"चपलीत काटे भरलेत का? दोन दिस झाले, ह्या घरात तुमच्या पायाबिगर दुसरं काय वाजंना."

तेव्हा त्याने सांगितले. लग्नाच्या बायकोलाही जे सांगितले नव्हते ते भिंतीकडे पाहत सांगितले. द्वारका ऐकत राहिली, तव्यावरची भाकरी करपली तरी ऐकत राहिली.

"अडीच वर्सं," ती शेवटी म्हणाली. "अडीच वर्सं त्या मशिनीवर आळ घातलात तुमी?"

"खरं सांगितलं तर दुकान बसंल."

"बसू द्या. दुकान बसलं तर बसलं, निदान तुमी तरी बसाल एका जागी."

गुरुवार उजाडला. उद्या गाडी. योगीराजाने सवयीने कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. पाय पुढे आणि मन मागे, मन पुढे आणि पाय मागे, अशी ती चाल. वस्तीवर पोहोचला तर भारत गाठोडी बांधीत होता, प्रियांका भाकरी करीत होती. आतल्या खोलीत वेचून आणलेला कापूस भिंतीला छातीइतका रचला होता आणि त्या ढिगात भक्ती गळ्यापर्यंत बुडाली होती.

पार्वतीबाईची पहिली नजर पिशवीवर गेली. "ते उंबऱ्याच्या भाईर ठिव."

त्याने ठेवली. आत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला. डोळे खाली घालून म्हणाला, "माय, कॅमेऱ्यानं तीट गिळली न्हाई. म्या पुसली. ह्या हातानं."

चुलीपाशी प्रियांकाचा हात थांबला. बाहेर भारताची दोरी थांबली.

"तू पुसली?"

"व्हय."

"कामून?"

"डाग वाटला, माय. साफ करायला गेलो. आन् मग तुमी इचारलं तव्हा भ्यालो."

"डाग!" पार्वतीबाई उसळली. "आरं, माझ्या नातीच्या गालावर म्या लावल्याली तीट तुला डाग वाटली? तुझ्या मायनं तुला शेण लावलं होतं का ल्हानपणी? मोठा फोटोवाला! डोळे हायत का भोकरं?"

योगीराज मान खाली घालून ऐकत होता. शब्दांचा मारा सुरू होता, आणि मध्येच थांबला. त्याने वर पाहिले. पार्वतीबाई आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत होती.

"माझी दोन लेकरं पाळण्यात गेली," ती हळू म्हणाली. "भारतच्या आधीची. तव्हापासून मनात भ्याव हाय माझ्या. फोटोत तीट न्हाई बघितली, आन् मला वाटलं, माझ्याच बोटात काय न्हाई. म्या लावल्याली तीट देव ठिवीत न्हाई. तव्हापासून ह्या पोरीला म्या तीट लावली न्हाई. सुनंला म्हणते, तूच लाव." तिने डोळे पुसले, आणि तिच्या आवाजात पुन्हा धार आली. "अडीच वर्सं रे! एक शब्द बोलला असतास तर?"

योगीराजाने तिचे पाय धरले. ती म्हणाली, "सोड. पाय धरून काय व्हतंय? ऊठ, त्या कोनाड्यातली डबी आन."

त्याने डबी आणली. पार्वतीबाईने हाक मारली, "भक्ते, हिकडं ये." कापसातून पांढरी होऊन पोर आली. आजीने बोट काजळात बुडवले. ते उजव्या गालाला टेकले आणि अडीच वर्षांनी त्या गालावर आजीच्या हाताची तीट बसली. देवळावर कळस चढावा तशी बसली. प्रियांकाने चुलीकडे तोंड फिरवले आणि धूर लागल्याचे निमित्त केले.

पण लेकराला कळस ठाऊक नसतो, त्याला डबी ठाऊक असते. भक्तीने ती हिसकावली.

"आता मी."

तिने कापडी बाहुलीला तीट लावली. दारातल्या शेळीच्या नाकाला लावली; शेळी शिंकली. योगीराजाच्या कपाळावर लावली. मग उंबऱ्याबाहेर गेली, आणि ज्या पिशवीला आत येण्याची बंदी होती ती दोन्ही हातांनी ओढत, फरफटत, उंबऱ्यावर आपटत आत घेऊन आली.

"ह्याला बी."

सगळे पार्वतीबाईकडे पाहू लागले.

"लाव," ती म्हणाली. "त्यालाच आधी लाव. लय गुणाचं हाय ते!"

भारत बाहेर खो खो हसला. योगीराजाने कॅमेरा काढून समोर धरला, भक्तीने कॅमेऱ्याच्या माथ्यावर काळे बोट उमटवले, आणि तो योगीराजाच्याच हातात सोडून पुन्हा कापसाच्या ढिगाकडे पळाली. "आज्जे, ये! तुला बी!" आजीचा पदर धरून तिने तिला ओढत नेले. म्हातारी कापसात टेकली, पोर तिच्या मांडीवर उभी राहिली, एक हात आजीच्या केसांत रुतवला, आणि दुसऱ्या हाताचे बोट डबीत.

योगीराज गुडघ्यांवर आला, मग कोपरांवर. कापूस नाकात जात होता. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी त्याने पार्वतीबाईकडे पाहिले. शब्दाने विचारायची छाती झाली नाही, नजरेने विचारले.

"माझ्याकडं का बघायलास?" ती म्हणाली. "तिच्याकडं बघ."

त्याने पाहिले. जीभ दातांत धरून, भुवया आक्रसून, साडेतीन वर्षांची ती पोर आजीच्या सुरकुतलेल्या गालावर तीट लावत होती. सगळ्या जगाची दृष्ट एका बोटाने परतवायची असावी, इतकी एकाग्र. आजीचे डोळे मिटलेले, ओठ हसण्याच्या आणि रडण्याच्या मधे. भक्तीने कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिले नाही. एकच आवाज झाला, टिक्. मग पोर घसरली, डबी सांडली, कापसाचा एक कोपरा काळा झाला आणि पार्वतीबाई ओरडली, "आगं माझा कापूस!"

दुकानात येऊन योगीराजाने तो फोटो उघडला. गालावर तीट, नाकाखाली शेंबूड, केसांत सरकी, आजीच्या हनुवटीवर काजळाचा ओघळ. त्याचा हात संगणकाच्या माउसवर गेला आणि त्याने तो मागे घेतला. काहीही न पुसता छापला.

शुक्रवारी सकाळी वस्तीच्या तोंडाशी गाडी उभी होती. कोयते, गाठोडी, पाण्याचे हंडे, माणसांवर माणसे. योगीराज धावत आला. लिफाफा आधी पार्वतीबाईच्या हातात दिला. तिने फोटो जवळ धरला, लांब धरला, उजेडात नेला. नखाने नातीचा गाल दाखवीत म्हणाली, "हाय." मग स्वतःचा गाल शोधून, "माझ्या बी हाय की!" आणि तिने स्वतःच्या हाताने तो सुनेला दिला. "घे माय. जिवाला लावून ठिव. पोरीची फिकीर करू नको, मी हाय."

प्रियांकाने फोटो पोलक्यात, काळजाशी ठेवला. गाडी हलली. भक्ती रडत मागे धावली, थकली, आणि रस्त्यातच धुळीत बसली. योगीराजही तिच्यामागे धावला होता. त्याने तिला उचलले नाही, समजावले नाही, कॅमेराही काढला नाही. तिच्याशेजारी बसला. बऱ्याच वेळाने तिने धुळीत बोटाने रेघ ओढली. त्यानेही एक ओढली. मग ती उठली आणि आजीकडे निघाली, आणि तो तिच्यामागे निघाला.

तो आता शांत झाला, असे कोणी समजू नये. त्याच रविवारी त्याने संगणकातले जुने फोटो उपसायला घेतले. किती गाल धुतले होते त्याने! कुणाची तीट, कुणाच्या कांजण्यांच्या खुणा, कुणाच्या हनुवटीवरची पडल्याची खोक. आता तो मूळचे चेहरे पुन्हा छापतो आणि गावोगाव दारात उभा राहतो, "हे घ्या, हे तुमचं खरं लेकरू." कुणी हसतात, कुणी चार शब्द सुनावतात, कुणी चहा देतात. दुकान बसलेले नाही. तोही बसलेला नाही. कालच तो सेलूच्या बाजूला गेला होता, आणि अजून बरीच दारे बाकी आहेत.

नरसिंहा, कृपाळा, या योगीराजाच्या चंचल पायांना तुझ्या वाटेचे बळ दे. त्याच्या डोळ्याला लेकराच्या गालावरची माया सदैव दिसू दे, आणि चुकलेले कबूल करण्याची जी लाज त्याने जिंकली ती त्याला पुन्हा कधी न जिंको. द्वारकेच्या चुलीवर भाकरी असो, तिच्या सुईत दोरा असो, तिच्या जिभेवर तोच खरेपणा असो. पार्वतीबाईच्या बोटाला बरकत दे, भारत-प्रियांकाच्या कोयत्याला इजा न होवो, भक्तीचे हसू त्यांच्या वाटेकडे लागून राहो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ती मायलेकींची भेट सुखाने घडो. या दोन्ही घरांवर, त्यांच्या अंगणांवर, त्यांच्या दारातल्या मुक्या जिवांवर तुझी छाया राहो. कल्याण असो, कल्याण असो.